काढा वाचायला शिकताना

१९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले हे अमेरिकी शेती खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात पॅसिफिक यू या झाडाचे नमुने गोळा करत होते. दाट सावलीत अतिशय सावकाश वाढणारे हे झाड. लाकूड व्यापाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. जंगलतोडीनंतर ते बहुधा जाळून टाकले जाई. त्याच वर्षी मनसुख वाणी इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. वाणींचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला आणि बी.एस्सी., एम.एस्सी. त्यांनी मुंबई विद्यापीठातून केले. बार्कलेंनी पोत्यांत भरलेली साल पुढे वाणींच्या प्रयोगशाळेत पोचली आणि त्यातून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध निघाले. ही हकिगत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. मला मात्र तिच्यातला काळाचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. साल १९६२ मध्ये काढली. रेणूची रचना छापून आली १९७१ मध्ये. तो पेशीत नेमके काय करतो हे न्यूयॉर्कमध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. सालीपासून रुग्णापर्यंत तीस वर्षे.

यातली बरीच वर्षे अनास्थेत, पैशाच्या टंचाईत आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत गेली. पण काही वर्षे पद्धतीनेच खाल्ली. त्या काळी वनस्पतीतून औषध शोधायचा मार्ग एकच होता. साल दळायची, अल्कोहोलात भिजवायची, अर्क निरनिराळ्या द्रावकांत वाटत जायचा आणि प्रत्येक हिस्सा कर्करोगाच्या पेशींवर किंवा उंदरांवर तपासायचा. ज्या हिश्श्यात गुण दिसेल तो पुढे न्यायचा, बाकीचे बाजूला ठेवायचे. मग त्या हिश्श्याचे पुन्हा हिस्से. वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अशा वाटण्या करत १२ किलो वाळल्या सालीतून सुमारे अर्धा ग्रॅम टॅक्सॉल मिळवले. एवढ्याशा पदार्थावरून रचना ठरवायची म्हणून त्यांनी रेणूचे तुकडे करून त्यांचे स्फटिक बनवले आणि ड्यूक विद्यापीठाच्या अँड्र्यू मॅकफेल यांनी ते क्ष-किरणांनी उलगडले. हे काम करणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मान झुकते. त्याच जोडीने १९६६ मध्ये कॅम्पटोथेसिन हा दुसरा रेणूही दिला. चीनमधल्या एका झाडातून निघालेल्या त्या रेणूपासून पुढे टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे तयार झाली, दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आज स्तनाच्या कर्करोगावर अँटिबॉडीला विषारी रेणू जोडून दिली जाणारी जी नवी औषधे आहेत, त्यांतल्या काहींच्या टोकाला कॅम्पटोथेसिनचाच वंशज बसलेला असतो.

पण या मार्गाला तीन मोठे दोष होते. पहिला, शोधाअंती हाती येणारा रेणू बहुतेक वेळा आधीच कोणाला तरी सापडलेला असे. वर्षभर राबून ओळखीचेच टॅनिन हाती लागायचे. दुसरा, अर्कात भरपूर असलेले किंवा फार जहाल असलेले रेणू तेवढे नजरेत भरत आणि किंचित प्रमाणात असलेले कामाचे रेणू फेकलेल्या हिश्श्यांबरोबर जात. तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. काही अर्कांचा गुण वाटणी करता करता नाहीसा होई, कारण तो एका रेणूचा नसून दोघा-तिघांचा मिळून असे. अशा वेळी संशोधक वहीत 'गुण हरवला' असे लिहून पुढच्या वनस्पतीकडे वळत. १९९० नंतर अनेक बड्या अमेरिकी औषध कंपन्यांनी वनस्पती आणि बुरशीवरचे विभाग आटोपते घेतले. प्रयोगशाळेत यंत्राने लाखो रेणू झटपट बनवता येतील हा भरवसा त्यामागे होताच, आणि या दोषांना कंटाळणेही होते.

मेटाबोलोमिक्स या तीन दोषांवर नेमके बोट ठेवते. कोणताही सजीव पेशीत जे लहान रेणू बनवतो, त्या सगळ्यांचा एकत्र नकाशा काढणे हे या शास्त्राचे काम. अर्काचा थेंब एका बारीक नळीतून जातो, रेणू आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे वस्तुमान अतिशय अचूक मोजतो. मग यंत्र त्यांना फोडते आणि तुकड्यांचे वस्तुमानही नोंदवते; ही नोंद म्हणजे त्या रेणूचा स्पेक्ट्रम. एका पानाच्या अर्कातून अशा हजारो नोंदी मिळतात. यानंतर अर्काचे काही ढोबळ हिस्से करायचे, प्रत्येक हिश्श्याचा गुण मोजायचा आणि कुठल्या नोंदी गुणाबरोबर वाढतात-घटतात हे गणिताने पाहायचे. शाळेत ज्या ज्या दिवशी खोडी झाली त्या त्या दिवशी कोण कोण हजर होते हे मास्तरांनी हजेरीपटावरून पाहावे, तसा हा प्रकार. संशयितांची यादी पहिल्याच टप्प्यात हाती येते, आणि किंचित प्रमाणात असलेला रेणूही तीत दिसतो. ओळखीचे रेणू तिथल्या तिथे वगळता येतात, म्हणजे तेच ते शोधण्यात जाणारे वर्ष वाचते.

या कामाला सार्वजनिक रूप दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारातल्या पीटर डॉरेस्टीन आणि नुनो बांदेरा यांच्या गटांनी. त्यांचे तत्त्व साधे आहे. ज्या दोन रेणूंची रचना सारखी, ते फुटतातही सारखे. फुटण्यातले साम्य मोजून हजारो नोंदी एकमेकींना जोडल्या की रेणूंची कुळे दिसू लागतात. एखाद्या कुळात एक सभासद ओळखीचा निघाला, तर शेजारच्या अनोळखी सभासदांबद्दलही अंदाज बांधता येतो. 'जीएनपीएस' या नावाने त्यांनी हे जाळे सर्वांसाठी खुले केले आणि २०१६ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त त्याची माहिती दिली. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने आपले स्पेक्ट्रम तिथे टाकावेत, इतरांच्या स्पेक्ट्रमशी ताडून पाहावेत. पैसे पडत नाहीत. पण याच गटाने २०१५ मध्ये एक कटू आकडाही मांडला होता. अशा प्रयोगांत मिळणाऱ्या स्पेक्ट्रमपैकी सरासरी जेमतेम १.८ टक्क्यांना नाव देता येते, उरलेले अनोळखी. पुढे साधने सुधारली, पण अनोळखी रेणूंचा ढीग अजून प्रचंड आहे.

माझे म्हणणे इथून सुरू होते. निसर्गातून औषध शोधताना आजची खरी अडचण यंत्राची राहिलेली नाही. ती आहे नाव-गाव नोंदलेल्या, जपून ठेवलेल्या आणि सर्वांना उघड्या असलेल्या नमुन्यांची आणि नोंदींची. अमेरिकेने, निदान तिथल्या काही संस्थांनी, ही गोष्ट ओळखली. आपण ज्या प्रदेशात राहतो त्याच्याकडे झाडे आहेत, परंपरा आहे आणि यंत्रेही आहेत. पण त्यांना एकत्र बांधणारी नोंद नाही.

आधी या पद्धतीने खरोखर काय साधते ते एका झाडावरून पाहू. अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतल्या सावलीच्या जंगलात गोल्डनसील नावाची बुटकी वनस्पती उगवते. तिचा कंद पिवळाधमक. चेरोकी लोक तो औषधाला वापरत आणि त्यांच्याकडून तो गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरात गेला. कंदासाठी इतकी उपटणी झाली की १९९७ मध्ये या वनस्पतीचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत घालावे लागले. कंदाला पिवळा रंग देणारा मुख्य रेणू बर्बेरिन. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या दारुहळदीला पिवळेपणा देणारा रेणूही हाच. बर्बेरिन जिवाणू मारते, पण फार जोमाने नाही, कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूच्या कातडीत नॉर-ए नावाचा एक पंप असतो आणि तो आत शिरलेले बर्बेरिन उपसून बाहेर टाकतो. २००० मध्ये फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुइस यांच्या गटांनी दारुहळदीच्या जातकुळीतल्या झाडांत एक रेणू दाखवला. तो स्वतः एकही जिवाणू मारत नाही, फक्त हा पंप अडवतो. मग बर्बेरिन आत साठते आणि जिवाणू मरतो. जुन्या पद्धतीने या रेणूचा हिस्सा पहिल्याच चाळणीत निरुपयोगी ठरून बाजूला पडला असता.

हाच धागा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो आवारातल्या नाद्या चेक यांनी गोल्डनसीलबाबत पुढे नेला. एकट्या हिश्श्याचा गुण तपासण्याऐवजी त्यांनी प्रत्येक हिस्सा बर्बेरिनच्या सोबतीने तपासला. बर्बेरिनची ताकद कोणाच्या संगतीत वाढते, हा त्यांचा प्रश्न. त्यातून २०११ मध्ये काही फ्लॅवोनॉइड रेणू पुढे आले. एकटे असताना निरुपद्रवी, पण पंप अडवणारे. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने मास स्पेक्ट्रोमीटरच्या नोंदी आणि संगतीतला गुण यांची गणिती सांगड घातली, तेव्हा आधीच्या फेरीत नजरेतून सुटलेला आणखी एक फ्लॅवोनॉइड सापडला. याच प्रयोगशाळेच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली, तिचे मला विशेष मोल वाटते. गोल्डनसीलच्या पानांच्या अर्कातही हा साह्य करणारा गुण आहे. कंद उपटला की झाड संपते, पाने खुडली तर झाड उरते. सगळा अर्क वाचणारी पद्धत कधी कधी झाडही वाचवू शकते.

ग्रीन्सबरोमध्येच निकोलस ओबर्लीज आहेत. तरुणपणी त्यांनी रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल आणि वाणी यांच्याबरोबर काम केले. अर्धा ग्रॅमसाठी राबणाऱ्या पिढीचा हात धरून आलेला हा माणूस आज एका अर्कातल्या हजार नोंदी एका सकाळीत पाहणाऱ्यांत आहे.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. 'रेणू मिळून काम करतात' हे वाक्य औषधी विक्रेत्यांच्या फार सोयीचे आहे. अख्ख्या वनस्पतीत सगळे गुण, विज्ञानानेही ते मान्य केले, अशी जाहिरात दुसऱ्या दिवशी निघते. गोल्डनसीलचा दाखला नीट वाचला तर तो उलट बाजूचा आहे. कोणता रेणू कोणाच्या साह्याला येतो, किती प्रमाणात, कोणत्या पंपावर, हे मोजल्याशिवाय चेक यांनी काही म्हटलेले नाही. शिवाय एकत्र असलेले रेणू मदतच करतील असे नाही. ओबर्लीज, चेक आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या मेरी पेन यांचा एक संयुक्त गट वनस्पतिजन्य पदार्थ आणि डॉक्टरी औषधे यांच्यातल्या झटापटीचा अभ्यास करतो. त्यांनी निरोगी माणसांवर दाखवले की गोल्डनसील घेतल्यावर मेटफॉर्मिन रक्तात जवळजवळ पाव हिश्श्याने कमी पोचते. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाची पहिली गोळी. आपल्याकडे अनेक घरांत कोणीतरी ती घेते. काढा आणि गोळी एकत्र घेणाऱ्या समाजाला ही बातमी टॅक्सॉलच्या बातमीइतकीच मोलाची वाटायला हवी. हीच यंत्रे गुण शोधतात तसा धोकाही शोधतात.

पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. हजेरीपटावर नाव असणारा प्रत्येक जण खोडकर नसतो. गुणाबरोबर वाढणारी नोंद ही त्या गुणाची कर्ती असेलच असे नाही. एकच रेणू यंत्रात चार वेगळ्या नोंदी देऊ शकतो. काही रेणूंवर विद्युतभार नीट चढत नाही, ते दिसतच नाहीत. अणू अवकाशात डावीकडे वळले आहेत की उजवीकडे, हे वस्तुमानावरून कळत नाही, आणि औषधाचे सारे काही अनेकदा त्या वळणावर अवलंबून असते. म्हणजे शेवटी रेणू वेगळा करावाच लागतो, त्याची रचना सिद्ध करावीच लागते. निव्वळ या पद्धतीमुळे सापडून बाजारात आलेले औषध दाखवा, असे कोणी म्हणाले तर आज ठळक नाव पुढे करता येत नाही. ही टीका खरी आहे. पण टॅक्सॉलला तीस वर्षे लागली हे लक्षात ठेवले तर ती टीका या पद्धतीविरुद्धचा निकाल होत नाही. इथे वाचते ते पहिले दशक, पुढची नाहीत.

आता नमुन्यांकडे वळू. मलेशियातल्या सारवाकमध्ये १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी उंडीच्या नात्यातल्या एका झाडाची पाने-डहाळ्या गोळा झाल्या. अर्काने एचआयव्हीला रोखले. त्यातून कॅलॅनोलाइड हा रेणू निघाला. आणखी माल आणायला लोक परत गेले तेव्हा ते मूळ झाड तोडले गेले होते. आसपासच्या त्याच जातीच्या झाडांत रेणू जवळपास नव्हताच, कारण पोटजात वेगळी होती. कॅलॅनोलाइड शेवटी औषध झाले नाही, पण धडा कायमचा आहे. जातीचे नाव पुरत नाही. कोणते झाड, कोणत्या जागी, कोणत्या ऋतूत, कोणत्या भागाचा नमुना आणि त्याची वाळवून ठेवलेली प्रत कुठल्या हर्बेरियममध्ये, एवढे असेल तरच स्पेक्ट्रमला अर्थ. नाहीतर तो पत्ता नसलेला आकडा.

त्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथे वनस्पती, सागरी जीव आणि सूक्ष्मजीव यांच्या अर्कांचे मोठे भांडार सांभाळले आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत तपासलेल्या हजारो वनस्पतींचा वारसा त्यामागे आहे. २०१९ मध्ये या भांडारातल्या अर्कांचे आधीच वाटलेले हिस्से संशोधकांना मोफत द्यायला सुरुवात झाली. पहिल्या खेपेत दीड लाख, उद्दिष्ट दहा लाखांचे. सरकारी पैशाने जमवलेले सरकारने वाटले. मला ही गोष्ट कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोठी वाटते.

पण अमेरिकेची दुसरी बाजूही सांगायला हवी. जैवविविधता करारावर तिने १९९३ मध्ये सही केली, मान्यता आजवर दिलेली नाही. कर्करोग संस्थेने आपल्या संकलनासाठी मूळ देशांशी लाभवाटणीचे पत्र करायची चांगली प्रथा पाडली, पण ती एका संस्थेची प्रथा आहे, देशाचा कायदा नाही. मेटाबोलोमिक्सने हा प्रश्न अधिकच गहन केला आहे. पूर्वी साल पोत्यांतून जाई, बंदरावर अडवता येई. आता फाइल जाते. जनुकांच्या डिजिटल माहितीच्या वापरातून होणारा लाभ वाटण्यासाठी यंत्रणा उभारायचे या कराराच्या २०२२ च्या माँट्रियल परिषदेत ठरले, आणि तिचा 'काली' नावाचा निधी २०२५ मध्ये सुरू झाला. त्या माहितीत मेटाबोलाइट मोजायचे की नाही, यावर एकमत नाही. आपला जैवविविधता कायदा २००२ चा, दुरुस्ती २०२३ ची. त्याचाही मूळ रोख साल, बी आणि पाला यांवर आहे.

सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी त्यात कॅम्पटोथेसिन असल्याचे दाखवले, वाणी-वॉल यांच्या शोधानंतर अवघ्या सहा वर्षांत. नंदुरबारच्या माणसाने अमेरिकेत शोधलेला रेणू आमच्याच डोंगरात, तोही भरपूर. त्याचे आपण काय केले? कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची लाकडे चोरून तोडली, किलोच्या भावाने विकली. झाड झपाट्याने घटले. कोणत्या घाटातल्या झाडांत किती कॅम्पटोथेसिन, त्याच्या कुळातले आणखी कोणते रेणू, फळात किती नि मुळात किती, पाने खुडून भागेल का, या प्रश्नांची उत्तरे विखुरलेल्या शोधनिबंधांत आहेत. तोडणाऱ्याच्या, वनरक्षकाच्या किंवा गावच्या उपयोगी पडेल अशा एका जागी नाहीत.

हळदीचे पेटंट आपण लढून रद्द करवले. अमेरिकेने ते १९९५ मध्ये दिले होते, रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये ते मोडले. ती लढाई आवश्यक होती, पण बचावाची होती. 'आम्हाला हे आधीच ठाऊक होते' एवढे सिद्ध केल्याने नवे काही हाती येत नाही. अशोक वैद्य आणि भूषण पटवर्धन यांनी मांडलेली उलट दिशा, म्हणजे माणसांत दिसलेल्या गुणापासून सुरुवात करून रेणूपर्यंत मागे येणे, मला अधिक पुढची वाटते. मेटाबोलोमिक्सशिवाय ती आज पुरी होणार नाही.

आणि साधने आपल्याकडे आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर आहेत, कडुनिंबाच्या लिमोनॉइडांवर तिथे उत्तम काम झाले आहे. आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नमुने आहेत. माधव गाडगीळ यांच्या कल्पनेतून आलेल्या लोकजैवविविधता नोंदवह्या ग्रामपंचायतींत आहेत. बहुतेक ठिकाणी त्या कपाटात पडून आहेत, कारण त्यांचा पुढे काही उपयोग होतो असे गावाने पाहिलेले नाही. नोंदवहीतल्या झाडाचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, त्याच झाडाचा स्पेक्ट्रम खुल्या भांडारात, आणि दोन्हींवर गावाचे नाव व वाटणीची अट, अशी साखळी बांधायला कुठल्याही परदेशी कंपनीची वाट पाहावी लागत नाही. स्पेक्ट्रम बंद ठेवला तर चोरी थांबेल, असे काहींना वाटेल. मला ते पटत नाही. बंद नोंदीचा हक्क सिद्ध करता येत नाही. तारखेसह, गावाच्या नावासह जाहीर झालेल्या नोंदीचा करता येतो. हळदीचा खटला आपण जुन्या छापील दाखल्यांच्या बळावर जिंकलो, हे विसरू नये.

राज्य जैवविविधता मंडळाने, पुण्याच्या प्रयोगशाळांनी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या विज्ञान महाविद्यालयांनी हे काम नरक्यापासून सुरू करावे. एक झाड, सगळे घाट, सगळे ऋतू, आणि सगळी माहिती उघडी. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांत शिकवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की पुढच्या एम.एस्सी. प्रकल्पांचे विषय ठरवताना याचा विचार करावा, आणि मिळालेले स्पेक्ट्रम प्रबंधाच्या मागच्या पानांत न पुरता, झाडाच्या पत्त्यासह आणि गावाच्या संमतीने जाहीर करावेत.